ना भीम, ना सरट

डायनासोरला मराठीत काय म्हणावं, याचं उत्तर परिभाषा घडवणाऱ्यांनी कधीच देऊन ठेवलं आहे: भीमसरट. जुन्या शास्त्रीय लेखनात हा शब्द गाठ पडतो, हिंदीच्या परिभाषेतही तो आहे. बोलण्यात मात्र तो रुळला नाही. 'झोप, नाहीतर भीमसरट येईल' असं म्हणणारी आई उभ्या महाराष्ट्रात शोधून सापडायची नाही. पण शब्द चालला नाही म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. भीमसरट हा घडवणाऱ्याची विद्वत्ता दाखवणारा शब्द आहे, आणि नेमका त्या विद्वत्तेमुळेच तो फसला.

आधी 'भीम' घेऊ. आपल्या कानाला भीम म्हणजे गदा, ढेरी, बकासुराचा गाडाभर भात. भीम म्हणजे प्रचंड. पण मुळात या शब्दाचा आकाराशी काही संबंध नाही. संस्कृतात 'भी' म्हणजे भिणे. भय, भीती, भीरू, भीषण, भयानक ही सगळी त्याच घरातली माणसं. भीम म्हणजे ज्याला पाहून भीती वाटते तो. भीष्म हाही त्यांचाच सख्खा; देवव्रताने भयंकर प्रतिज्ञा केली म्हणून तो भीष्म झाला. अमरकोशात हे दोघे 'घोर' आणि 'भयानक' यांच्या पंगतीला बसतात. समर्थांच्या ज्या मारुतिस्तोत्राला आपण 'भीमरूपी' म्हणतो, त्यातला भीम पांडव नव्हे. उग्र रूपाचा, असा त्याचा सरळ अर्थ. पुढे कुंतीच्या दुसऱ्या मुलाने हा शब्द इतका व्यापला की मूळचं भय मागे पडलं आणि नुसतं आकारमान उरलं.

गंमत अशी, की ग्रीक 'डायनोस'चं असंच काहीसं झालं. त्याचाही मूळ अर्थ भयावह. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं आपल्या 'द्विष्'शी, म्हणजे द्वेषाशी लावतात. ग्रीकांच्या तोंडी तोही ताणला गेला. भयंकर, जबरदस्त, अचाट, अगदी 'भलता हुशार' इथपर्यंत गेला. रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने 1842 मध्ये छापलेल्या अहवालात 'डायनोसॉरिया' हा गट मांडला, तेव्हा त्याने डायनोसचा अर्थ भय आणि मोठेपणा एकत्र करून दिला होता. भयंकर म्हणजे भयंकर मोठा. आपण 'भयंकर गर्दी' म्हणतो त्यातला हा भयंकर. तेव्हा डायनोसला भीम म्हणणाऱ्याने अर्थच नव्हे, अर्थाचा प्रवासही जुळवून आणला. याहून चोख भाषांतर होणं कठीण.

'सरट'ही तितकाच नेमका. ग्रीक 'सॉरोस' म्हणजे सरडा किंवा पाल. संस्कृत सरटाचा मराठीत सरडा झाला. वटाचा वड, कटूचं कडू, घटाचा घडा झाला त्याच रीतीने. आपल्या भाषेला सरपटणाऱ्यांची नावं घरचीच आहेत. पल्लीची पाल झाली, मकराची मगर, शिशुमाराची सुसर. यांतलं एकही नाव आपल्याला परभाषेतून आणावं लागलं नाही.

तरी फसला कुठे? तर वस्तूत. ओवेनपुढे तेव्हा मोजकी हाडं होती आणि ती धिप्पाड प्राण्यांची होती: मेगॅलोसॉरस, इग्वानोडॉन, हायलिओसॉरस. त्यांच्यापुरतं 'भयंकर मोठा सरडा' हे वर्णन निभावलं. पुढे कोंबडीएवढे डायनासोर निघाले तेव्हा 'भीम' गेला. आणि डायनासोर हे सरड्यांच्या वंशातले नव्हेतच, जिवंत प्राण्यांत त्यांचे जवळचे नातलग मगरी आणि त्यांचे थेट वंशज पक्षी, हे पक्कं झालं तेव्हा 'सरट'ही गेला. उरला तो समास.

यातल्या 'भीम'ला पहिला धक्का दिला तो कॉम्प्सोग्नॅथसने. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या चुनखडीत सापडलेल्या या जिवाचं नाव योहान वाग्नरने 1859 मध्ये ठेवलं. लांबी जेमतेम मीटरभर, त्यातही निम्मीअधिक शेपटीच. 'कॉम्प्सोस' म्हणजे सुबक, 'ग्नाथोस' म्हणजे जबडा. या जबड्याचं ग्रीक कूळ आणि संस्कृत 'हनु' यांचं मूळ एकच मानतात. हनु म्हणजे आपली हनुवटी. आणि हनुमान तो तिच्यावरूनच. तेव्हा या प्राण्याला संस्कृत नाव द्यायचंच असतं तर 'सुहनु' असं गोड नाव सहज जमलं असतं. भीमरूपी हनुमंत आणि चिमुकला सुहनु एकाच शब्दकुळातले निघावेत, हे मला फार आवडतं. बरं, या सुबक जबड्याच्या पोटात काय सापडलं? एका लहान सरड्याचा सांगाडा. आधी कुणाला ते पोटातलं पिल्लू वाटलं होतं. मग कळलं की हे शेवटचं जेवण. म्हणजे 'सरट' म्हणवणाऱ्यानेच सरडा गिळला होता.

आता कोन गावाकडे वळू, कारण 'आपल्याकडे डायनासोर का सापडत नाहीत' हा प्रश्न पनवेलच्या आसपास हमखास निघतो. कोन हे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतचं, द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी आलेलं गाव. इथून पूर्वेला प्रबळगड आणि माथेरान दिसतात. त्यांच्या कड्यांवर आडव्या रेघा आहेत, थरावर थर. प्रत्येक थर हा लाव्ह्याचा एक लोट. या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. पण हा ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, स्वीडिश भाषेतला 'ट्राप्पा', म्हणजे पायऱ्या. निम्मं नाव दक्षिणेवरून, निम्मं स्वीडनहून, आणि दोन्ही मिळून आपला काळा कातळ. त्या पायऱ्या माथेरानला सपाट आहेत. पनवेलच्या पट्ट्यात मात्र त्याच थरांनी समुद्राकडे मान टाकली आहे, ते पश्चिमेला कलले आहेत. भूगर्भशास्त्रात या वाकाला 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. हे नाव रूढ झालं ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या जॉन ऑडन यांच्या 1949 च्या लेखनानंतर, कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे हे भाऊ. कोन नावाच्या गावाशेजारी कातळाने कोन करून बसावं, हा निव्वळ योगायोग. त्याच्यावर व्युत्पत्ती उभारू नये, एवढं भान ठेवलं म्हणजे झालं.

हा लाव्हा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. डायनासोरांच्या अखेरीचाही हाच सुमार. ज्या घडीला शोधायचे त्याच घडीचा हा दगड. पण वितळलेल्या दगडात हाड टिकत नाही. हाडं टिकतात गाळात, नदीकाठी, तळ्याच्या तळाशी. लाव्ह्याचे दोन लोट येण्याच्या मधल्या सुस्तीत कुठे डबकं साचलं असेल तर तिथेच काही हाती लागतं. मुंबईत वरळीच्या टेकडीत असा एक पातळ थर होता, आणि त्यात सापडले बेडूक. अगदी लहान. 1847 मध्ये त्यांचं वर्णन करून 'राना पुसिला' हे नाव कुणी दिलं? त्याच रिचर्ड ओवेनने. पुसिला म्हणजे इवलीशी. ज्याने जगाला 'भयंकर मोठा' हा शब्द दिला, त्याने मुंबईला 'इवलीशी' दिली. आज हा बेडूक 'इंडोबॅट्राकस' या वंशात गेला आहे, पण 'पुसिलस' हे विशेषण शाबूत आहे. पुन्हा कोनकडे: 2016 च्या सोडतीत मुंबईच्या गिरणी कामगारांना घरं लागली ती कोनला. लाव्ह्याच्या काळातला वरळीचा रहिवासी कोण, हे तिथे कुणी विचारलंच तर त्या बेडकाचं नाव सांगता येईल.

डायनासोरांची हाडं हवीत तर लाव्ह्याच्या पांघरुणाच्या कडेला जावं लागतं, जिथे लाव्ह्याखालचा गाळाचा खडक उघडा पडतो. महाराष्ट्रात ती कड चंद्रपूर जिल्ह्यात आहे. वरोऱ्याकडचं पिसदुरा हे जीवाश्मशास्त्रातलं जुनं, नावाजलेलं गाव. हाडांइतकंच ते दगड झालेल्या शेणामुळे प्रसिद्ध. 2005 मध्ये त्या लेंड्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष निघाले, आणि गवत त्या काळी नव्हतंच ही समजूत मोडली. जवळच्या डोंगरगावात 'आयसीसॉरस' सापडला. नाव ऐकून कुणाला इजिप्तची आयसिस देवी आठवेल, पण हे 'इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट'चं आद्याक्षरी नाव आहे. हे सगळे शाकाहारी धूड मात्र. आपल्याला हवा तो सुहनुसारखा छोटा मांसाहारी. त्याच्यासाठी थोडं उत्तरेला, जबलपूरला जावं लागेल.

जबलपूरची बडा सिमला टेकडी. 1828 मध्ये तिथे भारतातली पहिली डायनासोरची हाडं उचलली ती कॅप्टन स्लीमनने. तोच स्लीमन, ठगांचा काळ म्हणून पुढे गाजलेला. 'ठग' हाही ऐकण्यासारखा शब्द: संस्कृत 'स्थग', म्हणजे झाकणे, लपवणे. झाकून ठेवलेलं उकरणाऱ्या माणसाच्या हाती जमिनीने झाकलेलीही हाडं यावीत, हे जुळून आलं. जवळजवळ शंभर वर्षांनी चार्ल्स मॅटलीने ती टेकडी नीट खणली, आणि 1933 मध्ये फ्रीडरिश फॉन ह्यूने याच्याबरोबर तिथल्या डायनासोरांचा मोठा ग्रंथ काढला. त्यात नावांचा पाऊस आहे. एकेका मणक्यावर एकेक प्राणी उभा केलेला. आजचे अभ्यासक त्यांतल्या बऱ्याच नावांकडे संशयाने बघतात आणि ते बरोबरच आहे. पण शब्दांच्या माणसाला तो ग्रंथ म्हणजे मेजवानी.

त्यातला 'लेव्हिसुकस इंडिकस' हा आपला मासला: छोटा, हलक्या बांध्याचा मांसाहारी. नावातल्या 'लेव्हिस'चा अर्थ 'हलका' असा सांगतात. लॅटिनमध्ये 'हलका' आणि 'गुळगुळीत' हे दोन शब्द एकमेकांच्या फार जवळचे आहेत, आणि या नावाचं स्पेलिंग खरं तर गुळगुळीतकडे झुकतं. पण ते असो. लॅटिनचा 'हलका' आणि संस्कृतचा 'लघु' हे एकाच मुळाचे शब्द आहेत, याबद्दल भाषाशास्त्रज्ञांत वाद नाही. पुढची कथा मराठीत घडली. लघु प्राकृतात 'लहु' झाला, त्याच्या अक्षरांनी जागा बदलल्या आणि 'हलु' झाला. त्यातून आपला हलका आणि आपलं हळू. म्हणजे जबलपूरच्या त्या मणक्यावर जर्मन पंडिताने लॅटिनमध्ये जे लिहिलं ते आपण भाजीची पिशवी उचलताना रोज म्हणतो. त्याच ग्रंथातल्या 'जबलपुरिया टेन्युइस'चंही तसंच. टेन्युइस म्हणजे सडपातळ, आणि तो संस्कृत 'तनु'चा भाऊ. आपल्याकडे तनु म्हणजे शरीर हा अर्थ वर राहिला. बारीकपणा 'तनुत्वचा' म्हणजे पातळ कातडी अशा शब्दांत तेवढा शिल्लक आहे.

'सुकस'बद्दल मात्र सावध. तो आहे 'सोबेक', इजिप्तचा मगरदेव, ग्रीकांनी 'सूखोस' केलेला. सुसर आणि सुकस यांचं ध्वनिसाम्य बघून कुणाच्या हाताला खाज सुटेल. पण सुसर शिशुमाराची, सुकस सोबेकचा, दोघांची ओळखही नाही. जबलपूरचा डायनासोर मगर नव्हता हे ह्यूनेला ठाऊक होतं. नावात 'सुकस' घालायची त्या काळची पद्धतच होती. सरडा नसलेल्याला सरडा म्हणावं, मगर नसलेल्याला मगर.

त्याच टेकडीवरच्या आणखी एका मांसाहारी प्राण्याचं नाव 'इंडोसुकस रॅप्टोरियस'. रॅप्टोरियस म्हणजे झडप घालणारा, लुटारू. सिनेमाने 'रॅप्टर' घराघरांत नेण्याच्या साठ वर्षं आधी तो जबलपुरात नोंदला गेला होता.

लॅटिन 'रापेरे' म्हणजे हिसकावून नेणे. त्यापासून रॅप्टर, म्हणजे लुटारू. त्यापासूनच 'रॅपिड', म्हणजे वेगवान. इंग्रजीत रॅप्टर हा शब्द आधी ससाणे-गरुडांसाठी होता, पक्षिनिरीक्षक आजही तसाच वापरतात. मराठीत या जातीच्या पक्ष्यांसाठी 'शिकारी पक्षी' असा कागदी शब्द आहे, पण खरी श्रीमंती एकेकट्या नावांत आहे. गृध् म्हणजे हाव धरणे, त्यापासून गृध्र, आणि गृध्राचं गिधाड. 'शिक्रा' फारसी, शिकारीच्याच गोतातला. 'बाज' फारसी. बहिरी ससाण्याला ऐकू येत नाही असं नव्हे, तो फारसी 'बहरी'. आणि ससाणा? संस्कृतात बहिरी-ससाण्यांना 'शशादन' असं एक नाव आहे, ससे खाणारा. ससाण्याचं नातं त्याच्याशी लावतात. कुणी हावरा, कुणी शिकारी, कुणी ससेखाऊ: प्रत्येकाला त्याच्या कामावरून नाव. आणि ही सगळी मंडळी जे करतात त्याला आपल्याकडे एकच नेमका शब्द आहे, झडप.

1923 च्या उन्हाळ्यात अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या मोहिमेला मंगोलियातल्या गोबीच्या वाळवंटात एक चेपलेली कवटी आणि पायाची एक वाकडी नखी मिळाली. संग्रहालयाचे प्रमुख हेन्री फेअरफील्ड ऑझबर्न यांनी एका लोकप्रिय लेखात आधी तिच्या मालकाला 'ओव्होरॅप्टर' म्हटलं होतं. 1924 च्या शास्त्रीय निबंधात ते नाव बदलून 'व्हेलोसिरॅप्टर' झालं, चपळ लुटारू. त्याच निबंधात त्यांनी आणखी एकाला नाव दिलं, 'ओव्हिरॅप्टर', अंडीचोर. हा बिचारा अंड्यांच्या घरट्यावर मरून पडलेला सापडला होता. अंडी दुसऱ्या कुणाची आणि हा ती पळवायला आलेला, असं धरलं गेलं. हे नाव प्राण्याच्या सवयींबद्दल दिशाभूल करू शकेल, असं ऑझबर्न यांनी स्वतःच तिथे नोंदवलं आहे. नोंदवलं, पण नाव तेच ठेवलं! सत्तर वर्षांनी त्याच वाळवंटात तशाच अंड्यात गर्भ सापडला, आणि तो ओव्हिरॅप्टरच्याच कुळातला निघाला. मग पंख पसरून अंड्यांवर बसलेले सांगाडेही मिळाले. चोर नव्हता, उबवत होता. त्या उबवणाऱ्या भाऊबंदाचं 2001 मध्ये ठेवलेलं नाव आपल्याला मुद्दाम सांगायला हवं: 'सितिपती'. रोमन लिपीत वाचताना असं ऐकू येतं, पण आहे ते शुद्ध संस्कृत, चितिपती. चितेचा स्वामी; तिबेटी बौद्ध परंपरेतल्या सांगाड्याच्या रूपातल्या देवतांचं नाव. लॅटिन नावाने चोर ठरलेल्या कुळाची अब्रू संस्कृत नावाच्या नातलगाने राखली. पण नामकरणाचा नियम असा, की आधी दिलेलं नाव चुकीचं ठरलं तरी पुसता येत नाही. ओव्हिरॅप्टर कायमचा अंडीचोर.

व्हेलोसिरॅप्टरच्या नशिबी बदनामी नव्हती, उलट भलतीच बढती होती. खरा व्हेलोसिरॅप्टर शेपटीसकट दोनेक मीटर लांब, कंबरेशी अर्धा मीटर उंच, वजनाला पंधरा-वीस किलो. अंगावर पिसं. 2007 मध्ये त्याच्या हाताच्या हाडावर, पक्ष्यांच्या हाडावर मोठ्या पिसांच्या बुडाशी असतात तशा गाठी दिसल्या आणि शंका फिटली. मग पडद्यावरचा तो माणसाएवढा, उघड्या कातडीचा, दार उघडणारा प्राणी कोण? तो 'डायनोनायकस'. जॉन ऑस्ट्रम यांनी 1969 मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातून त्याचं वर्णन केलं. डायनोस आणि 'ऑनिक्स', म्हणजे नख. ग्रीक ऑनिक्स आणि संस्कृत नख हेही एकाच मुळाचे, आणि मराठीत तर नख जसंच्या तसं. तेव्हा डायनोनायकस म्हणजे सरळ सरळ भीमनख. वाघनख हा समास ज्या भाषेत आहे तिला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

1988 मध्ये ग्रेगरी पॉल या चित्रकार-अभ्यासकाने भीमनखाला व्हेलोसिरॅप्टरच्या वंशात घालून टाकलं. ते फारसं कुणी मानलं नाही, पण मायकल क्राइटनने मानलं. 1990 च्या त्याच्या 'ज्युरासिक पार्क' कादंबरीत भीमनखाचं अंग आणि व्हेलोसिरॅप्टरचं नाव एकत्र आलं. 'व्हेलोसिरॅप्टर' उच्चारायला ठसकेबाज, यात शंका नाही. 1993 मध्ये स्पीलबर्गच्या चित्रपटात तो आणखी वाढला. त्याच वर्षी युटा राज्यात खरोखरच त्याहूनही मोठा 'युटारॅप्टर' सापडल्याचं जाहीर झालं, आणि चित्रपटवाल्यांना आयतं समर्थन मिळालं. टोरांटोच्या बास्केटबॉल संघाने 'रॅप्टर्स' नाव घेतलं. 1994 मध्ये हिंदीत बोलणारा 'ज्युरासिक पार्क' आपल्या चित्रपटगृहांत आला आणि गर्दी खेचून गेला. मराठीत तेव्हापासून 'ज्युरासिक काळातला' हे जुनाट माणसाला किंवा बंद पडायला आलेल्या फ्रिजला लावायचं विशेषण झालं. ज्युरासिक हे फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या जुरा डोंगरावरून आलेलं नाव, आणि त्या उद्यानातले बरेचसे प्राणी ज्युरासिक काळातले नाहीतच, व्हेलोसिरॅप्टरही नाही. पण फ्रिजला लावताना इतकं कोण बघतो.

सिनेमाने त्या प्राण्याची उंची वाढवली, त्याचं मला विशेष वाटत नाही; गोष्ट सांगताना हात पसरले जातातच. त्याच्या नखीचा अर्थ बदलला, हे जास्त खटकतं. पायाच्या दुसऱ्या बोटावरची ती वर उचललेली, विळ्यासारखी नखी पडद्यावर पोट फाडायचं हत्यार झाली. चंद्रपूर-गडचिरोलीकडे कोंबडबाजारात झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला जे लोखंडी पातं बांधतात त्याला काती म्हणतात. पोलिसांच्या धाडीच्या बातमीत 'कोंबडे, दुचाक्या व काती जप्त' असं छापून येतं ती हीच. कातर, कात्री, काती हे सगळे कापण्याच्या 'कृत्' धातूचे. क्राइटन-स्पीलबर्गचा व्हेलोसिरॅप्टर म्हणजे काती बांधलेला कोंबडा. पण त्या नखीच्या आतल्या कडेला धार असल्याचं दिसत नाही. प्रयोग करून पाहिले तर ती कापण्यापेक्षा रुतायला, पकडायला बरी. 2011 मध्ये डेन्व्हर फाउलर आणि सहकाऱ्यांनी आजच्या ससाण्या-गरुडांच्या पायांशी तुलना करून मांडलं, की हा प्राणी आपल्याहून लहान भक्ष्यावर उडी टाकत असावा, नखी रुतवून त्याला पायाखाली दाबून ठेवत असावा, तोल सांभाळायला पंख फडफडवत असावा आणि चोचीने टोचावं तसं तोंडाने खात असावा. शिक्रा सरडा धरून कुंपणावर बसलेला ज्याने पाहिला असेल, त्याला हे चित्र उभं करायला संगणक लागणार नाही. कर्नाळ्याच्या अभयारण्यात, किंवा कोनच्या वीजतारांवर घारींचं लक्ष कुठे आहे ते बघत उभं राहिलं, तरी भागेल.

म्हणजे रॅप्टर हा शब्द ससाण्यावरून निघाला, मंगोलियाच्या वाळवंटातून हॉलिवूडला गेला, तिथे पंख काढून कातडं पांघरून आला, आणि अभ्यासकांनी त्याला हाताला धरून परत ससाण्याशेजारी आणून बसवलं. या सगळ्यात मूळ लॅटिन शब्दच बरोबर होता. काती चूक, झडप बरोबर.

भारतीय नावं डायनासोरांच्या यादीत नाहीतच असं नाही. गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेल्या एका अजस्र शाकाहाऱ्याला 1975 मध्ये 'बारापासॉरस' म्हटलं गेलं. बडा म्हणजे मोठा आणि बंगाली 'पा' म्हणजे पाय. मोठ्या पायाचा सरडा. कोलकात्यात त्याचा सांगाडा उभा आहे. ओवेनच्या सरड्याला बंगाली पाय फुटले, आणि कुणाला ते विजोड वाटलं नाही. त्याच खोऱ्यात, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे जिथे घराघरांत मराठी बोलली जाते त्या पट्ट्याला लागून, एक फार जुना, छोटा डायनासोर निघाला. शंकर चॅटर्जी यांनी 1987 मध्ये ॲलिक वॉकर या ब्रिटिश अभ्यासकाच्या सन्मानार्थ त्याला 'वॉकेरिया' म्हटलं. नंतर लक्षात आलं की ते नाव आधीच एका सूक्ष्म समुद्री जिवाला देऊन झालं आहे. मग 1994 मध्ये वॉकर यांच्या पहिल्या नावाची दोन अक्षरं पुढे जोडली: 'अल्वॉकेरिया'. मराठी माणसाने हे देवनागरीत जरा घाईने वाचलं तर आलवालकर आडनावाच्या एखाद्या कुटुंबाचा भास होतो. मला तो प्राणी त्यामुळेच लक्षात राहिला.

मग भीमसरट पुन्हा बाजारात आणावा का? मला नाही वाटत. ओवेनचा शब्द चुकला आहे हे जगाला माहीत आहे, तरी तो चालतो, कारण इंग्रजीत त्याचा अर्थ कुणाला ऐकू येत नाही. मराठीत 'भीम' आणि 'सरट' दोन्ही ऐकू येतात, लख्ख. पारदर्शक शब्द चुकीचा असला तर तो रोज खोटं बोलतो; अपारदर्शक शब्द निदान गप्प बसतो. 'डायनासोर' गप्प बसतो. ओवेनच्या मूळ उच्चाराला जवळचा 'डायनोसॉर' छापणारे लोक आहेत आणि त्यांचं बरोबर आहे, पण पोरांनी 'डायनासोर' ठरवून टाकलं आहे.

तो मराठी झाला की नाही हे मात्र विभक्तीला विचारावं. एकवचनात तो अजून पाहुणा आहे: 'डायनासोरला', 'डायनासोरची शेपटी' असं आपण म्हणतो. 'डायनासोराला' म्हणणारा विरळा. सामान्यरूपाचा 'आ' अजून त्याला चिकटलेला नाही. अनेकवचनात पाहा: 'डायनासोरांना', 'डायनासोरांची हाडं'. तिथे तो निमूट मराठी व्याकरण पाळतो, वाघांना-सिंहांना जसं, तसं. 'रॅप्टर'ही त्याच वाटेने निघाला आहे: 'रॅप्टरला' पण 'रॅप्टरांनी'. एकटा असला की परका, कळपात आला की आपला.